सपाटे साहेबांनी वेचलेल्या कापसाबाबत

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी साहेब,
जिल्हा परिषद, जालना.

अर्जदार: साळूबाई रखमाजी बरडे, वय अंदाजे पन्नास, धंदा शेतमजुरी, वेचणीच्या टोळीची मुकादमीण, राहणार भिल्ल वस्ती, मौजे कोळझरी, तालुका भोकरदन, जिल्हा जालना.

लिहिणार: बदरोद्दीन इनायत शेख, अर्जनवीस, तहसील कचेरीसमोर, भोकरदन.

विषय: आरोग्य सेविका श्रीमती कौसल्या वाघ यांची बदली न करणेबाबत, तसेच कापसाच्या रानात होणारे आरोग्य शिक्षण हे आरोग्य शिक्षणच धरणेबाबत.

संदर्भ: १) आरोग्य विस्तार अधिकारी श्री. धर्मराज सपाटे यांचा तपासणी अहवाल, दिनांक २४ नोव्हेंबर १९९४.
२) प्राथमिक आरोग्य केंद्राची कोळझरी उपकेंद्राच्या सेविकेस कारणे दाखवा नोटीस, दिनांक २ डिसेंबर १९९४.
३) अर्जदाराचे तोंडी म्हणणे, जे आजवर कोणी लिहून घेतलेले नाही.

महोदय,

प्रथम हे कबूल करणे भाग आहे की हा अर्ज लांब आहे. साहेबलोक अर्धे पान वाचतात आणि उरलेल्या अर्ध्यावर शेरा मारतात, सबब थोडक्यात सांग, असे लिहिणाऱ्याने अर्जदारास तीन वेळा समजावले. त्यावर अर्जदार तहसीलसमोरच्या लिंबाखाली मांडी घालून बसली आणि म्हणाली, "थोडक्यात लिहिलं म्हणून तर नोटीस आली. तू समदं लिही." लिहिणारा एकतीस वर्षे याच लिंबाखाली विहिरीचे, वाटणीचे आणि रेशनकार्डाचे अर्ज लिहीत आला आहे, आणि भल्याभल्यांना त्याने दोन परिच्छेदांत आटोपले आहे. पण तीस बायकांची टोळी हाकणाऱ्या मुकादमिणीपुढे त्याचे काही चालले नाही. सबब समदं लिहिले आहे.

१. अर्जदाराची वस्ती कोळझरी गावाच्या नाल्यापलीकडे आहे. घरे चौतीस. वस्तीतल्या एकाही घराला स्वतःची जमीन नाही, त्यामुळे खुरपणीपासून वेचणीपर्यंत सगळी वस्ती दुसऱ्याच्या रानात असते. तांबडं फुटायच्या आत निघायचे आणि दिवेलागणीला परतायचे. दिवसा वस्तीत कोण असते, असे साहेबांनी विचारले तर उत्तर असे की कडूबा नावाचा एक आंधळा म्हातारा, त्याची बहीण आणि शेळ्या. गावातल्या उपकेंद्रात आरोग्य शिक्षणाची सभा मात्र दर गुरुवारी सकाळी अकरा वाजता ठरवलेली आहे. ती वेळ कोणी ठरवली हे अर्जदारास ठाऊक नाही, पण ज्याने ठरवली त्याने वस्तीतल्या कोणाला विचारले नव्हते, एवढे ती शपथेवर सांगू शकते.

२. श्रीमती कौसल्या वाघ यांच्या आधी ज्या सेविका होत्या त्यांचे नाव अर्जदार घेत नाही, कारण बाई स्वभावाने बऱ्या होत्या. त्यांच्या काळात दर गुरुवारच्या सभेला पस्तीस बायका हजर असल्याची नोंद आहे. ते रजिस्टर पुढे कौसल्याबाईंनी अर्जदारास वाचून दाखवले, तेव्हा असे उघड झाले की अर्जदाराची सासू सोनूबाई हिने एका वर्षात सात सभांना हजेरी लावली होती. सोनूबाई त्याच्या तीन वर्षे आधी वारली. ती जिवंत असताना कोणत्याही सभेला गेली नव्हती, घरच्या लग्नालाही उशिराच यायची. अर्जदारास हे ऐकून राग आला नाही, उलट सासू अजून कुठेतरी जाते-येते आहे याचे बरे वाटले. पण या रजिस्टरवरून आमच्या वस्तीला सगळे समजले आहे असे सरकारने धरून ठेवले, आणि समजले तर काहीच नव्हते. कोणत्या दुखण्याला दवाखान्यात जायचे आणि कोणते घरी सोसायचे, हे ज्याने त्याने आपल्या अंदाजाने ठरवायचे. त्या अंदाजात वस्तीने चार बाळंतिणी घालवल्या. त्यातली एक अर्जदाराची धाकटी लेक होती.

हे शेवटचे वाक्य अर्जदाराने पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाली, ते राहू दे, पण मोठं करून लिहू नको.

३. कौसल्याबाई जून १९९२ मध्ये आल्या. वय चोवीस, अंगाने बारीक, आणि एका खोडीच्या धनी. खोडी अशी की खरे लिहायचे. पहिल्या गुरुवारी त्या अकरा वाजता भिंतीवर तक्ते लावून बसल्या. कोणी आले नाही. त्यांनी रजिस्टरात लिहिले: उपस्थिती शून्य. दुसऱ्या गुरुवारी शून्य. पाच महिने शून्य. केंद्रातून विचारणा झाली की पूर्वी पस्तीस बायका येत होत्या, त्या आपल्याच काळात कुठे गेल्या. त्या कुठे गेल्या हे पाहायला कौसल्याबाई तक्त्यांची गुंडाळी काखेत मारून नाला ओलांडून आल्या आणि विचारत विचारत अप्पाराव पाटलांच्या रानात पोहोचल्या.

तिथे वेचणी चालू होती. बाईंनी बांधावर उभ्या राहून एक तक्ता उलगडला आणि लेकराला जुलाब झाले तर मीठ-साखरेचे पाणी कसे करावे ते सांगू लागल्या. चांगले सांगत होत्या, आवाजही खणखणीत होता. पण एका बाईने मान वर केली नाही. बाईंचा तक्ता संपला, दुसरा संपला, आणि तिसऱ्याला त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. तेव्हा अर्जदाराने त्यांना हाक मारली आणि म्हणाली, "बाई, पात धर. मंग बोल."

४. हे साहेबांना उलगडून सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा घोटाळा यातूनच झालेला आहे. वेचणीत किंवा खुरपणीत प्रत्येकीच्या वाट्याला ज्या दोन ओळी येतात त्यांना पात म्हणतात. सगळ्या जणी आपापली पात धरून एका रेषेत पुढे सरकतात आणि बोलणे त्या रेषेतूनच इकडून तिकडे जाते. लग्ने तिथे ठरतात, भांडणे तिथे मिटतात. बांधावर उभे राहून बोलणारा माणूस म्हणजे मालक, मालकाचा दिवाणजी, नाहीतर मत मागायला आलेला. त्याचे बोलणे ऐकायचे असते, त्याला उलटून विचारायचे नसते. म्हणून वस्तीचा रिवाज असा की ज्याला आमच्याशी बोलायचे आहे त्याने आधी पात धरायची. पात धरणाऱ्याला काहीही विचारता येते. यात कोणाचा अपमान करण्याचा हेतू नसतो, उलट तो मान आहे. भलत्याला आम्ही पात देत नाही.

कौसल्याबाईंनी तक्ते बांधावर ठेवले, पदर खोचला, कमरेला वेचलेला कापूस ठेवायच्या फडक्याची ओटी बांधली आणि पात धरली. त्यांची वेचणी फार वाईट आहे, हे अर्जदार त्यांची बाजू मांडत असली तरी लपवू इच्छित नाही. बोंडाच्या वाळक्या पाकळ्या बोटांत घुसून पहिल्या दिवशी बाईंचे हात रक्तबंबाळ झाले, आणि त्यांच्या ओटीत कापूस कमी व पाचोळा जास्त निघाला. पण त्या दिवशी मीठ-साखरेच्या पाण्याबद्दल एका ओळीत अकरा प्रश्न आले. मीठ खडे असेल तर किती घ्यायचे. साखर नसेल तर गूळ चालेल का. लेकरू ओकले तर थांबायचे की द्यायचे. कौसल्याबाई रात्री घरी जाऊन रडल्या असे त्यांनी पुढे सांगितले, पण हात दुखले म्हणून रडले नाही, असेही सांगितले.

५. तेव्हापासून गुरुवारची सभा रानात भरते. कौसल्याबाई उपकेंद्रातले काम उरकून, कुलूप लावून, दारावर "अप्पारावांच्या रानात आहे" अशी खडूने नोंद करून येतात. वेचलेला कापूस स्वतःकडे ठेवत नाहीत, जी मागे पडली असेल तिच्या ओटीत ओततात. एक पात म्हणजे एक विषय. गरोदरपणाच्या लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळे होते म्हणून बायका त्या गोळ्या शेळ्यांना चारत होत्या, हे सरकारला कोणत्याही तक्त्यावरून कळले नसते, ते पातीवर कळले. शेळ्या मात्र त्या वर्षी धष्टपुष्ट झाल्या होत्या, हेही खरे आहे. आता गोळ्या बायका खातात. लेकरांच्या सुया वेळेवर होतात. गेल्या पावसाळ्यात जुलाबाची साथ आली तेव्हा घरोघर मीठ-साखरेच्या पाण्याचे तांबे भरलेले होते, रानात बांधावरही एक कळशी होती, आणि वस्तीत एकही लेकरू गेले नाही. या एका वाक्यासाठी साहेबांनी हवे तर बाकीचा अर्ज वाचू नये.

अप्पाराव पाटील सुरुवातीला कुरकुरले की माझ्या रानात सरकारी काम कशाला. पुढे त्यांच्याच नातवाला गोवराची सुई कधी द्यायची हे विचारायला ते बांधावर येऊन उभे राहिले. सगळी रेष थांबून त्यांच्याकडे पाहू लागली, पण कोणी बोलेना. पाटील एकाहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, धोतर सावरले, खाली उतरून चार बोंडे वेचली, आणि मग प्रश्न विचारला. त्या दिवसापासून त्यांची कुरकुर बंद आहे.

६. आता नोटिशीत लिहिलेल्या दिवसाकडे यावे. गेल्या नोव्हेंबरात कौसल्याबाईंना आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला जालन्यास बोलावले होते. विषय होता, आरोग्य शिक्षण परिणामकारक कसे करावे. तिथे त्यांना तक्ता कोणत्या उंचीवर टांगावा हे शिकवले. त्या परत आल्या तो दिवस गुरुवार, दिनांक २४ नोव्हेंबर. आठ दिवसांचे बोलणे साठले होते म्हणून बाई सकाळीच रानात आल्या. त्याच दिवशी श्री. सपाटे साहेब तपासणीला आले. उपकेंद्राला कुलूप, दारावर खडूची नोंद. साहेबांनी जीप रानाकडे वळवली.

सपाटे साहेब बांधावर उभे राहिले. डोळ्यांवर काळा चष्मा, अंगात इस्त्रीचा सदरा आणि वर निळा स्वेटर, हातात फाईल. त्यांनी सगळ्या रेषेला उद्देशून विचारले की आरोग्य सेविका तुम्हाला कोणते ज्ञान देतात. तीस बायका गप्प. त्यांनी पुन्हा विचारले. पुन्हा गप्प. कौसल्याबाई काही बोलणार होत्या, पण त्यांची पात पार टोकाला, साहेबांपासून लांब होती. साहेबांच्या कपाळावर आठ्या चढल्या. अर्जदारास वाटले की एवढा मोठा माणूस, लांबून आलेला, आणि आपण त्याला ताटकळत ठेवतो आहोत, हे बरे दिसत नाही. ती रेषेतून बाहेर आली, आपल्या कमरेची ओटी सोडली, साहेबांच्या कमरेला बांधली आणि म्हणाली, "साहेब, या पातीला लागा जल्दी. मंग बराबर बोलतील समद्या."

इथे चूक झाली असेल तर ती अर्जदाराची आहे. साहेबांना रिवाज ठाऊक नाही, हे तिच्या ध्यानातच आले नाही. साहेब जालन्याकडचे, शिकलेले, तेव्हा त्यांना सगळे ठाऊक असणार असे ती धरून चालली होती. साहेबांनाही, तीस बायका पाहत असताना, कमरेची ओटी सोडून फेकावी हे काही सुचले नाही. त्यांनी फाईल बांधावर ठेवली आणि पात धरली.

नवख्या माणसाला सगळ्यात मंद वेचणाऱ्याच्या शेजारी ठेवतात, म्हणजे तो मागे पडत नाही. त्या दिवशी टोळीत सगळ्यात मंद होती दुर्गाबाई. तिला आठवा महिना चालू होता.

७. इथून पुढे काय झाले ते साहेबांच्या अहवालात एका शब्दानेही आलेले नाही. अर्जदार ते आपल्या डोळ्यांनी पाहिल्याप्रमाणे सांगते.

सपाटे साहेब पहिली पाच मिनिटे रागाने वेचत होते. मग त्यांचा हात बसला. कौसल्याबाईंपेक्षा त्यांचा हात कितीतरी साफ आहे, पाचोळा अजिबात नाही. अर्जदाराने तसे म्हटले तेव्हा ते म्हणाले की लहानपणी आईबरोबर वेचायला जायचो. मग बोलणे सुरू झाले. बायकांनी त्यांना विचारले की घरी कोण कोण, लेकरं किती, बायको काय करते. त्यांनी विचारले की गोळ्या मिळतात का, सुईला जाता का. सगळ्या जणी सगळे सांगू लागल्या. एका पातीत त्यांना जेवढी माहिती मिळाली तेवढी त्यांच्या छापील फॉर्मात मावली नसती.

आणि मग साहेबांचा हात थांबला. ते शेजारच्या दुर्गाबाईच्या हाताकडे पाहत होते. तिच्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या आणि बोटे सुजून टम्म झाली होती. बांधावरून ते दिसण्यासारखे नव्हते. साहेबांनी काळा चष्मा काढला आणि हळू आवाजात विचारले, "बाई, डोकं दुखतं का?"

दुर्गाबाई म्हणाली, "आठ दिस झाले दुखून राह्यलं. डोळ्यांपुढं काजवे येतात. नर्सबाई गेल्त्या ना."

आठ दिवस ती कोणाला बोलली नव्हती, नवऱ्यालाही नाही. नर्सबाई आल्या की पातीवर सांगू, असे म्हणून थांबली होती. आल्या त्या नेमक्या दुसऱ्या टोकाला. ती साहेबांना बोलली, कारण साहेब शेजारच्या पातीला होते. ते बांधावर असते तर ती बोलली नसती, हे ती आजही सांगते. साहेबांनी कौसल्याबाईंना हाक मारली. बाईंनी पिशवीतून बीपीचे यंत्र काढले, दंडाला पट्टा बांधला, आणि काटा पाहून त्यांचा चेहरा पडला. पुढच्या दहा मिनिटांत दुर्गाबाई सरकारी जीपमध्ये होती, शेजारी कौसल्याबाई, पुढे सपाटे साहेब, कमरेला अजून ओटी. ती ओटी अर्जदाराने धावत जाऊन सोडून घेतली, नाहीतर साहेब तशीच दवाखान्यात घेऊन गेले असते.

भोकरदनहून तिला पुढे जालन्याला नेले. सतरा दिवस ती दवाखान्यात होती. दिनांक ११ डिसेंबर रोजी तिला मुलगी झाली. वजन दोन किलोला थोडे कमी, पण आवाज भरपूर. डॉक्टर म्हणाले की आणखी दोन दिवस झाले असते तर यातले कोणीच घरी गेले नसते. हे ऐकल्यावर अर्जदारास आपली लेक आठवली. तिचेही हात असेच सुजले होते. तेव्हा पातीला कोणी नव्हते.

८. मग साहेबांनी तसा अहवाल का लिहिला, हा प्रश्न अर्जदारास महिनाभर सतावत होता. त्याचे उत्तर पुढे खुद्द सपाटे साहेबांकडून मिळाले. संध्याकाळी ते केंद्रात परतले तेव्हा त्यांच्या निळ्या स्वेटरला कापूस चिकटलेला होता. केंद्रातले लोक हसले. सपाटे साहेब, वेचणीला गेल्ता का, असे जो तो विचारू लागला. उद्या पुन्हा कामावर जायचे का, असेही कोणी विचारले. साहेबांचे डोके फिरले. त्याच रागात त्यांनी फॉर्म भरला, आणि त्या फॉर्मात दुर्गाबाईसाठी रकाना नव्हता. कुलपासाठी होता. उपस्थितीसाठी होता. सबब असे लिहिले गेले की उपकेंद्र बंद होते, सेविका खासगी शेतात मजुरी करत होत्या, आणि तपासणी अधिकाऱ्यास सक्तीने मजुरीस लावून शासकीय कामात अडथळा आणला गेला. त्यावरून नोटीस, आणि नोटिशीवरून बाईंची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, घनसावंगी तालुक्यात करण्याचा प्रस्ताव. तो आपल्याकडे सहीला आला आहे असे कळते.

घनसावंगीकडेही लोक राहतात आणि त्यांनाही चांगली सेविका मिळावी, हे अर्जदारास मान्य आहे. परंतु तिकडे ऊस जास्त आहे. कौसल्याबाईंना अजून कापूसच नीट वेचता येत नाही, त्यांच्या हाती कोयता दिला तर काय होईल याची साहेबांनीच कल्पना करावी.

९. सपाटे साहेब गेल्या बुधवारी, म्हणजे ११ जानेवारीस, अर्जदाराचा जबाब घ्यायला वस्तीवर आले. दिवस मावळत होता म्हणून सगळ्या जणी घरी होत्या. या वेळी काळा चष्मा नव्हता. दुर्गाबाईचे पुढे काय झाले हे त्यांना ठाऊक नव्हते, कारण दुसऱ्या दिवशीच ते दौऱ्यावर गेले होते, आणि नंतर विचारायला त्यांना धीर झाला नव्हता. अर्जदाराने त्यांना दुर्गाबाईच्या दारात नेले.

दुर्गाबाई लेकराला घेऊन बसली होती. लेकराच्या डोक्याखाली छोटी उशी होती. इथे आमचा आणखी एक रिवाज सांगणे भाग आहे. नव्या माणसाने वेचलेला पहिला कापूस मालकाच्या गंजीत घालत नाहीत. तो वेगळा बांधून ठेवतात, हाताने सरकी काढतात, आणि वस्तीत पुढचे जे लेकरू जन्मेल त्याच्या उशीला घालतात. अप्पाराव पाटलांनाही हा रिवाज मान्य आहे. साहेबांचा कापूस अर्जदाराने आपल्या ओटीतच बांधून ठेवला होता. पुढचे लेकरू दुर्गाबाईचेच निघाले.

साहेबांना हे सांगितले तेव्हा ते उंबऱ्यावर खाली बसले. मुलीचे नाव काय, असे त्यांनी विचारले. दुर्गाबाई म्हणाली, धर्मा. साहेबांचे नाव धर्मराज. नर्सबाईचे नाव का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले, तर अर्जदाराने उत्तर दिले, "नर्सबाई रोजच्याच हैत. तुमी एकदाच आल्ता."

साहेबांनी लेकरू मांडीवर घेतले आणि अहवाल रागात कसा लिहिला ते सांगितले. मग म्हणाले की अहवाल एकदा वर गेला की तो परत बोलावता येत नाही, तसा नियमच नाही. जबाबाचा कागद त्यांनी कोराच घडी करून ठेवला. निघताना जीपपर्यंत गेले आणि परत आले. त्या कापसातला उरलेला थोडा आहे का, असे विचारले. होता, मूठभर. साहेबांनी खिशातून चिठ्ठी काढली, बोनेटवर ठेवून दोन ओळी लिहिल्या, सही केली, आणि म्हणाले, "मावशी, हे अर्जाला जोडा. अहवालाला उत्तर न्हाई देता येत, पण पावती तर देता येती." अर्जदारास वाचता येत नाही. चिठ्ठीत काय आहे हे तिला लिहिणाऱ्याने लिंबाखाली वाचून दाखवले, आणि मगच ती हा अर्ज लिहून घ्यायला बसली.

१०. तरी मेहेरबान साहेबांस विनंती की:

(अ) श्रीमती कौसल्या वाघ यांची बदली रद्द व्हावी व त्यांस कोळझरी उपकेंद्रातच ठेवावे. वस्तीत सध्या आणखी पाच बायका गरोदर आहेत आणि त्या आपले दुखणे पातीवर बाईंनाच सांगायचे म्हणून राखून ठेवून बसल्या आहेत.

(ब) गुरुवारची सभा रानात भरते अशी नोंद रजिस्टरात करण्याची परवानगी मिळावी, म्हणजे बाईंना शून्यही लिहावे लागणार नाही आणि अर्जदाराच्या सासूलाही त्रास देणे नको.

(क) तपासणीच्या फॉर्मात एक रकाना वाढवावा. त्याचे नाव काय ठेवायचे ते साहेबांनी ठरवावे. लिहिणाऱ्याने "इतर" असे सुचवले होते, ते अर्जदारास पसंत पडले नाही.

(ड) यावर निर्णय देण्याआधी चौकशी करायची असल्यास साहेबांनी स्वतः यावे. शेवटची वेचणी अजून दहा-बारा दिवस चालेल. बांधावर उभे राहायची गरज नाही. आपल्यासाठी दुर्गाबाईच्या शेजारची पात राखून ठेवली आहे. ती आता पहिल्यासारखी भराभर वेचते, तेव्हा थोडी घाई करावी लागेल.

सदर मजकूर अर्जदारास मराठीत व वस्तीच्या बोलीत दोनदा वाचून दाखवला. तिने दोन ठिकाणी हसून आणि एका ठिकाणी न हसता तो बरोबर असल्याचे सांगितले. लिहिणाऱ्याने एकतीस वर्षांत अनेक अर्ज लिहिले, बहुतेकांचे उत्तर काय येणार हे त्याला लिहितानाच कळत असे. या अर्जाचे काय होईल ते त्याला कळत नाही, आणि उत्तर आले की ते वाचून दाखवायला तो स्वतः कोळझरीला जाणार आहे.

आपली नम्र,
वेचणीचा एक दिवस मोडून आलेली,

साळूबाई रखमाजी बरडे
(डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी)
व तिच्या टोळीतील एकोणतीस जणींचे अंगठे, मागील पानावर

भोकरदन, दिनांक १८ जानेवारी १९९५

सोबत जोडले आहे:

१) कारणे दाखवा नोटिशीची नक्कल.
२) दुर्गाबाईच्या दवाखान्याच्या कागदाची नक्कल.
३) अप्पाराव पाटील यांचे, आपल्या रानात आरोग्य शिक्षणास हरकत नसल्याचे पत्र.
४) कापूस, एक मूठ, फडक्यात बांधलेला. त्यासोबत श्री. सपाटे साहेबांच्या हस्ताक्षरातील चिठ्ठी, ती अशी:

"सोबतचा कापूस मी दिनांक २४ नोव्हेंबर १९९४ रोजी मौजे कोळझरी येथे स्वतःच्या हाताने व स्वखुशीने वेचला. कोणीही सक्ती केली नाही. — धर्मराज सपाटे, आरोग्य विस्तार अधिकारी."